साप्पोरोहून भाच्याला आणताना

नणंदेचा मुलगा दोन वर्षं जपानमध्ये मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला गेला होता. त्याला आणायला मार्चच्या सुरुवातीला नणंद आणि मी, आम्ही दोघी साप्पोरोला गेलो; उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटावरचं हे शहर. माझं सासर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं. त्यांच्या चर्चला २०१८पासून हे टोपणनाव नको आहे, पण शेजारीपाजारी अजून तेच म्हणतात. मी नाशिकची, धर्म न बदललेली आणि त्यांना वर्ज्य असलेला चहाही न सोडलेली. दारोदार जाऊन धर्म सांगणं मला आजही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मिशन संपताना मुलाला आणायला जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी मिशन प्रेसिडेंटची, म्हणजे तिथल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखाची परवानगी घ्या. आणि तो तुमच्याबरोबर फिरत असला तरी मिशनरीच असतो, हे लक्षात ठेवा. घरी पोचल्यावर स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे गावाकडचा चर्चचा प्रमुख, रीतसर मोकळं करतो, तोवर खिशावर काळी पाटी, टाय, सगळे नियम तसेच. मिशनरी कायम जोडीने राहतात. आम्ही ताब्यात घेतल्यावर जोडीदाराची जागा आईने घ्यायची. "तू हो पुढे, आम्ही आलोच," असं मी स्टेशनवर म्हटलं तर हा जागचा हलेना. पाटीवर आडनावाबरोबर 'चोरो' लिहिलेलं. म्हणजे एल्डर, वडीलधारा. वीस वर्षांचं पोर, आणि आपल्या कानाला ऐकू येतं चोर!

न्यू चितोसे विमानतळावरून साप्पोरोला थेट ट्रेन आहे, पाऊण तासाच्या आत पोचता. पण मार्चचा बर्फ फसवा. दिवसा वितळतो, रात्री त्याची काच होते. बुटांना लावायचे दातेरी पट्टे तिथल्या कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातही मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. मी दुसऱ्या दिवशी घेतले, कंबर शेकत. मोजे मात्र घरूनच नवे न्या. दिवसातून पाच वेळा बूट काढावे लागतात आणि भोक पडलेला अंगठा सगळ्यांना दिसतो.

भाच्याने त्याची जुनी खोली बाहेरून दाखवली. धर्माची प्रश्नोत्तरं त्याला घरून पाठ होती, युटातल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे दोन महिने जपानीही घोटून घेतली होती. अडलं ते घरात. होक्काइदोच्या कडक थंडीत झोपण्याआधी मूळ चावी फिरवून नळांतलं पाणी उतरवून ठेवायचं असतं. त्याला मिझुनुकी म्हणतात. एका जानेवारीत हा विसरला. सकाळी साडेसहाला उठून बघतो तर नळ गोठलेले, आणि दोघं चोरो बर्फ वितळवून तोंड धुताहेत. कचऱ्याचंही तसंच. जाळायच्या कचऱ्याला पालिकेची पिवळी पिशवी विकत घ्यायची, ठरल्या वारी साडेआठच्या आत ठेवायची. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी तशीच पडून राहते, आणि ती कुणाची ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. हिवाळ्यात सायकल बंद, सगळं पायी. मुलगा निघायचा असेल तर त्याला भात लावायला, बटण टाकायला आणि पंक्चर काढायला शिकवा. बाकीचं तो शिकेल.

फोनचं सांगते. २०१९पासून मिशनरी आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी घरी बोलू शकतात. त्याची सोमवारची सकाळ म्हणजे आमची रविवारची संध्याकाळ. पहिले सहा आठवडे तो "सगळं छान" एवढंच म्हणायचा. नणंद फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडायची. छान काहीच नव्हतं, हे तिला दोन वर्षांनी सूप करी खाताना कळलं.

सूप करी म्हणजे साप्पोरोचा रस्सा-भात: पातळ रस्सा, त्यात भल्यामोठ्या भाज्या, भात वेगळा. जरूर खा. पण शाकाहारी असाल तर विचारून घ्या. नुसत्या भाज्यांचा मागवला तरी रस्सा बहुधा कोंबडीच्या नाहीतर माशांच्या अर्कावरचा असतो.

साप्पोरोतच ओयाची स्टेशनजवळ त्यांच्या चर्चचं मंदिर आहे, २०१६ साली उघडलेलं. आत फक्त चर्चच्या सभासदांना आणि तेही परवाना असेल तरच. सुनेलाही सूट नाही. मायलेक आत गेले, मी मशीनमधला गरम दुधाचा चहा घेऊन स्टेशनवर बसले. सोबत पुस्तक ठेवा, वेळ लागतो.

शेवटचे दोन दिवस त्याच्या ओळखीच्यांसाठी राखा, पण दिवसाला तीनच घरं धरा, कारण कुणीच अर्ध्या तासात सोडत नाही. रिकाम्या हाताने जायचं नाही. नणंदेने युटाची टॅफी ही चिवट गोळी नेली होती, मी चिक्की. चिक्की आजींना आवडली, दातांना झेपली नाही.

या आजी म्हणजे त्याचं पहिल्या हिवाळ्यातलं गिऱ्हाईक. याने बेल वाजवली, त्या "केक्को देस" म्हणाल्या. शब्दकोशात केक्को म्हणजे उत्तम! हा खूश होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला जोडीदाराने सांगितलं की दारात त्याचा अर्थ 'नको' असा होतो. आजी चर्चमध्ये कधीच आल्या नाहीत; मिशनऱ्यांच्या फुकटच्या इंग्रजी वर्गाला मात्र येत राहिल्या. त्यांनी न विचारता मायलेकांपुढे मुगिचा, म्हणजे सातूचा चहा ठेवला आणि माझ्यापुढे हिरवा चहा. हिरवा चहा यांना चालत नाही, मुगिचा चालतो, हे मला सासरी कळायला वर्षं गेली होती.

निघताना दाराबाहेर रात्रीचा बर्फ साचलेला होता. तो काढून देतो, असं भाचा म्हणाला. आजी म्हणाल्या, "केक्को देस." तोवर याने कोट आईच्या हातात देऊन फावडं उचललंही होतं.