उजेडाचं बिल

एखादं काल्पनिक जग पटलं की नाही, हे मी तिथल्या राजांवरून, राक्षसांवरून किंवा यानांवरून ठरवत नाही. तिथला उजेड कसा वागतो ते बघतो. माणसं उडोत, झाडं बोलोत, माझी काही हरकत नाही. पण उजेडाने फुकटात काम केलं की मी अडून बसतो. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हिशोब मागायची खोड लागतेच.

प्रकाशाची तलवारच घ्या. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने ती घराघरात पोचवली. भाच्याला वाढदिवसाला मीच तसली एक आणली. बटण दाबलं की निळी पेटते, हलवली की गुरगुरते. नीट पाहिलं तर सगळी करामत मुठीतल्या एवढ्याशा एलईडीची आणि तिच्यावर बसवलेल्या दुधी प्लास्टिकच्या नळीची. नळी फिरवली की निघते. एका रात्री गच्चीवर आम्ही ती काढली. तलवार गेली, हातात टॉर्च राहिली आणि तिचा फिकट निळा ठिपका शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. मधल्या हवेत काहीच नाही.

खेळणं बनवणाऱ्याला जे कळलं होतं ते सिनेमावाल्यांनी सोयीने सोडून दिलं. उजेड तीन फुटांवर थांबत नाही, कशावर तरी आदळेपर्यंत जातच राहतो. आणि जाताना बाजूच्या माणसाला दिसत नाही. जत्रेतल्या तंबू थिएटरात प्रोजेक्टरचा झोत दिसायचा तो धुळीमुळे आणि बिड्यांच्या धुरामुळे. अवकाशात ना धूळ ना बिड्या, तेव्हा तिथल्या लेसरच्या लढाया बाजूने बघणाऱ्याला काळ्याकुट्टच दिसणार. शिवाय दोन झोत एकमेकांवर आपटले तर आरपार निघून जातात. हे दोन टॉर्च घेऊन दाखवलं, तर भाचा म्हणाला, “पण मामा, ठण्ण आवाज येतो ना!” पोकळीतल्या आवाजाचं प्रकरण मी त्या रात्री काढलं नाही. पक्के चाहते सांगतात की ती तलवार प्रकाशाची नाहीच, प्लाझ्माची, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूची आहे. असेल बुवा.

अदृश्य माणसाची भानगड याहून मजेदार. आमच्या पिढीचा अदृश्य माणूस म्हणजे १९८७चा ‘मिस्टर इंडिया’. घड्याळाचं बटण दाबलं की गायब, फक्त लाल उजेडात दिसणार. गणपतीच्या मखरातून उरलेला लाल जिलेटिन पेपर डोळ्यांवर धरून आम्ही पोरं रिकाम्या खोल्या तपासत असू. आता वाटतं, दिवसाच्या पांढऱ्या उजेडात लाल असतोच की. लाल कागद नवीन काही देत नाही, बाकीचे रंग तेवढे काढून घेतो. म्हणजे भर दुपारी रस्त्यावरून जाताना तो निदान लालसर तरी दिसायला हवा होता. कथेला त्याची तशी गरज नव्हती, हे मान्य.

एच. जी. वेल्सने १८९७च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये जास्त कष्ट घेतले होते. त्याच्या नायकाने शरीराचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) हवेइतका करून टाकला, म्हणजे उजेड न वळता, न अडता पार जाणार. पण अशा माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यावरही उजेड अडणार नाही, आणि अडला नाही तर दिसायचं कसं? जो कुणालाच दिसत नाही त्याला स्वतःलाही काही दिसणार नाही. बिचारा दाराची कडी चाचपडत बसेल. वेल्सला याची कुणकुण असावी. कारण नायक आधी एका मांजरीवर प्रयोग करतो तेव्हा ती सगळी विरते आणि तिचे डोळे आणि नखं तेवढी शिल्लक राहतात. माणसाच्या बाबतीत मात्र पडद्यामागे पुसटसा रंग उरल्याचं एकदा सांगून लेखकाने पुढे काणाडोळा केला.

माझी सर्वांत आवडती कल्पना मात्र बॉब शॉ या लेखकाची. १९६६च्या एका कथेत त्याने अशी काच कल्पिली, जिच्यातून पलीकडे यायला उजेडाला दहा वर्षं लागतात. रम्य डोंगराकडे तोंड करून ती दहा वर्षं उभी करायची आणि मग शहरातल्या घराच्या खिडकीत बसवायची. पुढची दहा वर्षं खिडकीबाहेर डोंगर.

तशी एक वर्षाची काच मला मिळाली तर? आमच्या खिडकीसमोर आंब्याचं झाड होतं, ते रीडेव्हलपमेंटमध्ये गेलं. त्याच्या आधी वर्षभर काच लावून ठेवली असती तर अजून मोहोर दिसला असता. पण दुकानदाराला काच अगदी मोजून घासावी लागेल. बारा तासांची चूक झाली तर मध्यरात्री बेडरूममध्ये ऊन, आणि सहा महिन्यांची झाली तर दिवाळीच्या फराळावर वैशाखातला उजेड. नवी कोरी काच बसवणाऱ्याच्या घरात पहिलं वर्षभर त्या बाजूने अंधारच.

उजेड हळू चालवणं ही नुसती कल्पना राहिलेली नाही. एरवी सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश १९९९मध्ये लेने हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या अतिथंड अणूंमधून सेकंदाला १७ मीटरवर आणला. म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर एसटीही पुढे काढेल. तरी या वेगाने वर्षभराचा उशीर हवा असेल तर काच ५ लाख ३६ हजार किलोमीटर जाड लागेल. चंद्र इथून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. पाच मिलिमीटरच्या तावदानात तेच जमवायचं तर उजेडाला वर्षाला पाच मिलिमीटर चालावं लागेल, आणि बोटांची नखं महिन्यालाच तीनेक मिलिमीटर वाढतात.

एवढं जमलं तरी बिल राहतंच. आपल्याकडे मोकळ्या जागी एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाचेक युनिट ऊन पडतं. उभ्या खिडकीला त्याच्या निम्मं धरू. वर्षाला झाले नऊशे युनिट, आणि ते सगळे त्या तावदानात अडकलेले. घरगुती गॅसचे पाच भरलेले सिलिंडर खिडकीला टांगल्यासारखंच हे. खाली पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत असताना ही काच घरात ठेवायची माझी छाती नाही. दहा वर्षांची तर नकोच.

दोन सूर्यांच्या जगाबद्दल मात्र तक्रार नाही, कारण ती खरोखरच आहेत. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ‘केप्लर-१६बी’ हा ग्रह २०११मध्ये जाहीर झाला. तो शनीएवढा गोळा, उभं राहायला जमीन नाही, तेव्हा त्याचा एखादा चंद्र कल्पून घ्या. तिथे तुमच्या दोन सावल्या पडतील, मंगल कार्यालयात दोन हॅलोजनमध्ये पडतात तशा, पण सारख्या नाहीत. थोरला सूर्य नारिंगी, धाकटा लाल आणि फारच मंद. थोरल्याची सावली जिथे पडेल तिथे धाकट्याचा लाल उजेड पोचेल, म्हणून ती सावली लालसर. धाकट्याची सावली शोधूनही सापडायची नाही. चित्रकार दोन्ही सावल्या सारख्याच काळ्या काढतात तेव्हा मी पान उलटतो.

आणि पसायदानातलं ‘मार्तंड जे तापहीन’? माउली सज्जनांबद्दल बोलत होते, मला ठाऊक आहे. पण शब्दशः घ्यायचा मोह होतोच, विशेषतः मे महिन्यात. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते, ती गाळून टाकली तर ताप निम्म्यावर येईल. उरलेला दिसणारा उजेडही ज्यावर पडून जिरतो त्याला तापवतोच. जिरूच नये म्हटलं तर तो डोळ्यांतही जिरणार नाही, म्हणजे वेल्सच्या नायकासारखी आपली गत. काजवा या अटीच्या सर्वांत जवळ जातो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि काजवा तळहातावर घेतला तर गरम लागत नाही. त्यालाही साखरपाणी लागतंच, पण तेवढ्या उजेडावर ना कुरडया वाळतील, ना अरबी समुद्राची वाफ होईल. आई म्हणेल, आधी वाळवणं होऊ देत, मग काय तो सूर्य गार करा.