खऱ्या आईला शोधावंसं वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, ऑफिसात डबा खाताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना हेच विचारलं. खरी आई सांगलीत गुडघ्यांना तेल चोळत बसलीय, हे माझं ठरलेलं उत्तर. ते उद्धट आहे आणि अपुरंही.

मला दत्तक घेऊन घरी आणलं तेव्हा मी अडीच वर्षांची होते. उशीखाली पोळी लपवून झोपायचे. दार लावलं की रडायचे. पहिल्या पावसाळ्यात आईने नेहमीची गोष्ट काढली. काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, तो चिऊच्या दारात. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." "थांब, बाळाला तीट लावते." मी म्हणे अंथरुणातून उठले आणि खोलीचं दार उघडून तिथेच बसले. तेव्हापासून आमच्याकडची चिऊताई पहिल्या हाकेला दार उघडायची, काऊला टॉवेल द्यायची, वर गरम वरणभात.

पहिलीत बाईंनी मूळ गोष्ट सांगितली. मी उभी राहून ओरडले, "खोटं! ती लगेच उघडते!" वर्ग हसला. बाई म्हणाल्या खाली बस, मी बसेना. शेवटी मला बाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं. आत पोरं एका सुरात म्हणत होती, "थांऽऽब." माझा फ्रॉक ओला झाला. घरी येऊन आईला म्हणाले, "तू फसवलंस." ती म्हणाली, "हो." समजूत घातली नाही, जवळही घेतलं नाही. पोळ्या लाटत राहिली.

विशीत मी तिच्यावर चिडून होते. माझं दुखणं तिने वरणभाताखाली झाकलं, असं वाटायचं. आता वाटतं, त्या रात्री तिला दुसरं काय सुचणार होतं? पण विशीतली मी अगदीच चूक होते, असंही म्हणवत नाही.

शोधाचं म्हणाल, तर २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे सज्ञान झाल्यावर स्वतः 'कारा'कडे, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे, अर्ज करता येतो. जन्मदात्रीने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी तिची संमती घेतात. म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी दाराशी उभं राहायचं. अर्ज अर्धा भरून ठेवलाय. आईला माहीत आहे. ती विचारत नाही. तुम्हीच विचारता.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला आजीची गोष्ट मिळमिळीत वाटते, मूळचीच हवी असते. "अजून थांबव ना त्याला," म्हणते. मी थांबवते.