पखवाज उतरण्याचा छडा लागला. कणीक मात्र पडली

भजन चालू असताना पखवाजाचा स्वर उतरतो, याबद्दल मागच्या नोंदीत मी त्याच्या नव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, दोषी ठरवले होते. ते विधान आज मागे घेतो. कारागिराने पुडी चोख भरली आहे आणि त्याच्याविषयी मी जे पुटपुटलो त्याची मला लाज वाटते.

दुखणे असे. सुरुवातीच्या रूपाच्या अभंगाला (विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या) पेटीच्या काळी दोन या स्वरात सगळे नेमके जुळलेले असते आणि तिसऱ्या अभंगापर्यंत पखवाज जवळजवळ अर्धा स्वर उतरतो. तिसरा अभंग गंगाखेडकरांच्या नेमाप्रमाणे जनाबाईंचा (त्या मूळच्या गंगाखेडच्या) असल्यामुळे तो वगळण्याचीही सोय नाही. "मास्तर, पेटी चढली तुमची," असे पखवाजी अण्णा दरवेळी मान न वळवता सांगतात. पेटीचा स्वर पितळी पट्टीतून निघतो आणि कानशीने घासल्याशिवाय ती पट्टी अर्धा स्वर हलत नाही, शिवाय माझ्या पेटीत गुजरातेतल्या पालिताण्याचे स्वर, म्हणजे तिथे घडवलेल्या पट्ट्या, आहेत (दुसरे बसवूच नयेत, हे माझे मत कायम आहे), असे मी तीनदा समजावले. चौथ्यांदा मोबाइलवरचा ट्यूनर दाखवला, तेव्हा मोबाइलच चढला असल्याचा निर्वाळा अण्णांनी दिला.

शनिवारी मात्र सुरुवातीलाच वीज गेली आणि घामाने निथळत आम्ही पाच अभंग म्हटले, तरी पखवाज तसूभर उतरला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अण्णा बाहेरच्या ओसरीवर, 43 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, हातोडी मारून पखवाज स्वरात लावतात आणि आत येऊन ज्येष्ठतेच्या मानाने थेट कुलरसमोर बसतात. त्या दमट वाऱ्याने तापून ताणलेले कातडे ओल धरते आणि सैल पडते.

रविवारी कुलर टाळकऱ्यांकडे वळवला. पितळेला ओलीचे सोयरसुतक नसते. तिसऱ्या अभंगाला पेटी आणि पखवाज एका स्वरात बोलले, तेव्हा मी ध्रुवपद उगाचच दोनदा जास्त घेतले. परंतु गारव्याने तरतरी आलेल्या टाळकऱ्यांनी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अशा पळवल्या की गाणाऱ्यांना श्वास पुरेना. आणि कोरड्या हवेत डाव्या पुडीवर खर्जासाठी थापलेली कणीक तडकून, गजर ऐन रंगात असताना, अख्ख्या पोळीसारखी विणेकऱ्याच्या पायाशी पडली.

आता कणकेवर ओले फडके ठेवावे, असे मी लिहिणार होतो. पण लिहिता लिहिता सुचले की अण्णांनाच उलटे बसवले, तर कणकेला वारा लागेल आणि उजवी, काळ्या शाईची बाजू आडोशाला राहील. मात्र तसे बसल्यास विठ्ठलाकडे पाठ होते, म्हणजे अण्णा ऐकणार नाहीत. त्यापेक्षा कुलरच पलीकडच्या खिडकीत न्यावा. मोजून पाहिले आहे, वायर दीड हात कमी पडते.