काराकोलला जायचं तर शनिवारी पोचा

भाचा किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकला एमबीबीएस करतोय. तीन वर्षं तिथं राहून त्याचं मत एवढंच की, "मामी, काराकोलमध्ये काही नाही, तिथून लोक डोंगरात जातात." इसिक-कुल प्रांताची राजधानी असली तरी आल्या-आल्या गाव लहानच वाटतं. सरळ रस्ते, उंच पॉपलर, निळ्या खिडक्यांची बसकी रशियन घरं आणि मागे बर्फाचे डोंगर. बहुतेक जण एक रात्र झोपून आला-कुलच्या ट्रेकला निघून जातात. आमचाही बेत तोच होता, पण पोचलो रविवारी दुपारी. तोवर जनावरांचा बाजार उठला होता. नवरा मूळचा सांगोल्याचा. जनावरांचा बाजार हुकलाय म्हटल्यावर तो गप्प कसला बसतोय! डोंगर आधी उरकला आणि पुढच्या रविवारसाठी गावात परत आलो.

बिश्केकच्या पश्चिम बसस्टँडवरून मार्श्रुत्का मिळते. ही म्हणजे आपलं वडापच, फक्त गाडी व्हॅनसारखी. ती भरल्याशिवाय हलत नाही. अंतर साधारण 400 किलोमीटर, वेळ सहा-सात तास. आम्ही शेअर टॅक्सी केली. ड्रायव्हरने आधी ठरलेलं भाडं अर्ध्या वाटेत वाढवलं आणि भाषा येत नसल्यामुळे आम्ही मुकाट दिलं. तुम्ही आकडा मोबाइलवर टाइप करून, त्याला दाखवून, मगच बसा.

डोंगराबद्दल थोडक्यात. आला-कुल तलाव साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि त्यापलीकडची खिंड त्याहूनही उंच. जुलै ते सप्टेंबरच जा, जूनमध्येही वर बर्फ असतं. माझे गुडघे त्या लायकीचे उरलेले नाहीत, म्हणून मी फक्त अल्तिन-अराशानला गेले, गरम पाण्याच्या कुंडांसाठी. जुन्या सोव्हिएत बनावटीच्या गाडीतून, धोंड्यांवरून. कंबर धरून बसा. पायी जाणाऱ्यांना माझ्याइतका त्रास झालेला दिसला नाही.

आता गाव. दुंगान मशीद लांबून चिनी देऊळच वाटते: लाकडी, वळलेलं छप्पर, लाल-पिवळे-हिरवे रंग, कोरलेली द्राक्षं आणि डाळिंबं. दुंगान म्हणजे चीनमधले मुसलमान. 1870 च्या दशकात तिथलं बंड मोडल्यावर डोंगर ओलांडून ते इकडे आले. मशीद 1910 मध्ये पुरी झाली, आणि सांगतात की लोखंडी खिळा न वापरता. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची, नमाजाची वेळ टाळायची. जवळच रशियन लाकडी चर्च आहे, 1895 चं. 1869 मध्ये रशियन सैन्याने वसवलेलं हे गाव सोव्हिएत काळात बरीच वर्षं प्रझेवाल्स्क होतं. हे नाव रशियन प्रवासी प्रझेवाल्स्कीचं. ज्याच्या नावाने रानघोडा ओळखला जातो तोच हा, 1888 मध्ये इथंच टायफॉइडने गेला. गावाबाहेर इसिक-कुल तलावाच्या बाजूला त्याची कबर आणि संग्रहालय आहे. उन्हाचं जाऊ नका, झाडी आहे पण चालणं पुष्कळ.

दुंगानांनीच आणलेलं अश्ल्यान-फू हे काराकोलचं खाणं. छोट्या बाजारालगत एका बोळात ओळीने टपऱ्या आहेत. बाई वाडग्यात नूडल्स टाकते, वर पिठूळ खळीच्या पांढऱ्या पट्ट्या (कुरडईचा चीक थंड होऊन थिजला की दिसतो तशा), त्यावर व्हिनेगरचं गार आंबट पाणी आणि शेवटी चमचाभर लाल मिरची. ती माझ्याकडे बघून मिरची कमी घालत होती, मी तिचा हात धरून अजून घालायला लावली. ती हसली आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं. सोबत बटाटा भरलेलं तळलेलं पिरोझ्की घ्या. शाकाहारी लोकांनी "बेझ म्यासा" एवढं पाठ करावं, म्हणजे मांसाशिवाय. तरीही रस्सा कशाचा आहे ते वेगळं विचारा.

आणि रविवार. पहाटे अंधारातच निघा, दहापर्यंत सगळं आटोपतं. धुळीत मेंढ्या, शेपटीच्या जागी चरबीचं गाठोडं हलवत उभ्या. एका माणसाने घोड्याचा ओठ वर करून दात पाहिले, मग मागचा खूर उचलून पाहिला. घासाघीस चालू असताना दोघांनी एकमेकांचे हात गच्च धरले होते, तिसरा मध्ये पडून ते हलवत होता. नवरा म्हणाला, "आपल्याकडे रुमालाखाली चालतं, इथं उघड्यावर." सौदा ठरला की मेंढी थेट मोटारीच्या डिकीत, डोकं बाहेर. फोटो काढण्याआधी विचारा आणि घोड्याच्या मागून चालू नका.

लागणारं इतर: भारतीयांना ई-व्हिसा आधी काढावा लागतो. रोख सोम (तिथलं चलन) जवळ ठेवा, टपरीवर कार्ड चालत नाही. आपल्या मोबाइल चार्जरची दोन गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचं काही नेऊ नका. सिरिलिक (रशियन लिपीची) अक्षरं विमानात शिकून घ्या, पाट्या तेवढ्यावर वाचता येतात. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

काराकोलला येताना इसिक-कुल तलावाच्या उत्तर किनाऱ्याने आलात तर परत जाताना दक्षिणेकडून जा. दोन्ही वेळा उजवीकडची खिडकी पकडा, पाणी त्याच बाजूला असतं.