‘रिंगाण’ अपडेट: पान ४० ला अडलेलं घोडं शेवटी पुढे सरकलं

मंडळी, सुटलं एकदाचं! मागच्या दोन अपडेटमध्ये ज्यांनी माझी तगमग वाचलीय त्यांना वेगळं सांगायला नको. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ ही कादंबरी, चाळिसाव्या पानाच्या आसपास बुकमार्क, आणि तो बुकमार्क तीन आठवडे जागचा हलत नव्हता. काल रात्री शंभरी पार केली.

आधी अडचण नीट सांगते, कारण गेल्या वेळी बऱ्याच जणांनी ‘नाही जमत तर सोड, दुसरं घे’ असं सुचवलं होतं. मला ते पटत नव्हतं. गोष्ट तर पहिल्यापासूनच धरून ठेवत होती. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडे वसली, पण मागे राहिलेल्या म्हशी रानात राहून रानटी झाल्या आणि त्यातली आपली म्हैस आणायला देवाप्पा परत त्या उठलेल्या गावाकडे निघतो, एवढ्यावरच माझा जीव अडकला होता. अडत होतं ते भाषेपाशी. आपल्याला सवय कशी असते, पात्रं बोलीत बोलतात आणि लेखक प्रमाण भाषेत सांगतो, म्हणजे मधेमधे दम खायला जागा मिळते. इथे कथनसुद्धा पन्हाळ्याकडच्या बोलीतच, त्यामुळे कोपरखैरणे ते ठाणे वीस-पंचवीस मिनिटांच्या लोकलमध्ये मी दोन पानं वाचायची आणि ऐरोली आलं की परत पहिल्या ओळीवर. स्टिकी फ्लॅग लावून झाले, अनोळखी शब्दांची वही केली, मोल्सवर्थ उघडून बसले. मोल्सवर्थचा १८५७चा कोश जुन्या शब्दांना अजूनही सोन्यासारखा आहे हे माझं मत कायम आहे, पण शब्द कळून वाक्य कळत नव्हतं हो! शब्द वहीत उतरायचा आणि तोवर वाक्याची लय हातातून गेलेली असायची.

मग गेल्या रविवारी आमच्या मजल्यावरच्या काकी डबा परत द्यायला आल्या. काकी मूळच्या साताऱ्याकडच्या, काका मार्केटात माथाडी होते. टेबलावर पुस्तक बघून म्हणाल्या, ‘काय वाचत्येस?’ मी म्हटलं, काकी बसा, तुम्हाला एक पान वाचून दाखवते. अर्धं पान झालं असेल, त्यांनी मला थांबवलंच. ‘आगं अशी बातम्या दिल्यागत नगं वाचू. त्वांडानं बोल की जरा.’ आणि मग चष्मा नव्हता म्हणून त्या माझ्याकडून एकेक वाक्य ऐकायच्या आणि परत म्हणून दाखवायच्या. कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, कुठे आवाज खाली न्यायचा. मी जिथे स्वल्पविराम शोधत होते तिथे त्या नुसता श्वास घेत होत्या! तीन आठवड्यांची गाठ पंधरा मिनिटांत सुटली.

म्हशीचं आलं तेव्हा तर त्यांनी पुस्तक बाजूलाच ठेवायला लावलं. म्हणाल्या, ‘म्हस नावानं येत न्हाई, वासानं येती. धार काढणाऱ्याच्या हाताचा वास तिला म्हाईत आसतो.’ आणि जीभ टाळूला लावून असा एक आवाज काढला, की आमच्या सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गोठा उभा राहिला. मग बराच वेळ गप्प बसल्या. त्यांच्या सासऱ्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा आणि सासरे तेवढ्यासाठी जाऊन यायचे म्हणे.

तेव्हापासून मी रोज रात्री मोठ्याने वाचतेय, आणि आता लोकलमध्ये ओठ हलवत वाचलं तरी भागतंय. मागे मी लिहिलं होतं की अशा कादंबऱ्यांना शेवटी शब्दार्थांची यादी हवीच, ते मत मी मागे घेते. यादी असती तर मी तिच्यातच अडकून काकींपर्यंत पोचलेच नसते. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला का मिळाला असेल ते मला आत्ता, बोलून वाचल्यावर, आतून कळतंय.

प्रतीबद्दल थोडं. पहिली प्रत ऑनलाइन मागवलेली, विक्रेत्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवली, कोपरे दुमडलेले आणि मधलं एक पान चिकटलेलं. बदलून मिळायला अकरा दिवस. यापुढे मराठी पुस्तकं मी ठाण्याला नौपाड्यातल्या दुकानात जाऊन हातात घेऊन, बांधणी उघडून बघूनच घेणार. जी विकत नकोत ती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून. १८९३पासून चालू असलेलं ग्रंथालय आपल्या इतक्या जवळ आहे, वापरा की ते!

आता पुढचं. ठरलं होतं की यानंतर रंगनाथ पठाऱ्यांची जाडजूड कादंबरी ‘सातपाटील कुलवृत्तांत’ काढायची, त्यासाठी वंशावळीचा तक्ता करायला कार्डशीटसुद्धा आणलंय. पण हे लिहितानाच वाटतंय की तो ठोकळा पावसाळ्यापर्यंत थांबू शकतो. आधी देविदास सौदागरांची ‘उसवण’ घेते, शिंप्याची गोष्ट आहे, आणि काकी ब्लाउज शिवतात, म्हणजे ती पण मोठ्यानेच होईल.

आणि एक राहून राहून डोक्यात येतंय. आपण राहतो ती ही नवी मुंबईसुद्धा ९५ गावांच्या जमिनींवरच उभी आहे ना? शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७०ला, जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या शेतकरी आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, आणि माझी लोकल रोज घणसोली, रबाळे करत त्याच गावांच्या नावांवरून जाते. याच मातीची, आगरी बोलीत सांगितलेली, जाडजूड कादंबरी मला वाचायचीय. कुणी वाचली असेल तर नाव सांगा, आजच्या आज शोधायला निघते.

काकी रविवारी परत येतायत. ‘म्हस घावली का न्हाई’ ते मी पुढे वाचून आधी सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय, त्यामुळे शेवटची तीस पानं मी तशीच ठेवलीयेत.