डेबियनवर बाबांच्या लॅपटॉपचा आवाज परत आणताना: माझा अनुभव

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाबांचा लॅपटॉप विंडोजवर इतका स्लो झाला होता की सकाळी अभंग लावायला बसले की निम्मा चहा संपेपर्यंत स्क्रीनवर नुसतं ते चक्र फिरत असायचं, म्हणून मी एका शनिवारी त्यावर डेबियन ११ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मशीन दहाव्या जनरेशनच्या इंटेलचं, तसं ठीकठाक. इन्स्टॉल झाल्यावर वायफाय दिसेना, पण त्याचं कारण मला माहीत होतं, अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये, तेव्हा नॉन-फ्री (मुक्त लायसन्स नसलेलं) फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर, नसायचं आणि फर्मवेअरवाली वेगळी इमेज मी घेतली नव्हती. राउटरची वायर लावली, पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये नॉन-फ्री लिहिलं, वायफायचं फर्मवेअर टाकलं, झालं.

मग बाबांनी अभंग लावला आणि आवाजच नाही.

सेटिंगमध्ये आउटपुटच्या जागी फक्त 'डमी आउटपुट'. हेडफोन लावून बघितला, तोही गप्प. विंडोजवर आदल्या दिवशीपर्यंत स्पीकर वाजत होते म्हणजे हार्डवेअर गेलेलं नाही एवढं नक्की होतं. मी पल्सऑडिओ, म्हणजे प्रोग्रॅमचा आवाज साउंडकार्डकडे पोचवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकलं, त्याच्या कॉन्फिगच्या फाइली उडवल्या, चार वेळा रीस्टार्ट केलं, रविवार दुपारपर्यंत हेच. आता वाटतं की तो सगळा वेळ वाया गेला, कारण पल्सऑडिओ बसतं वरच्या मजल्यावर आणि माझा घोळ तळमजल्यावर होता. टर्मिनलमध्ये 'एप्ले' या कमांडला मायनस एल देऊन विचारलं तर सरळ उत्तर आलं, एकही साउंडकार्ड सापडलं नाही. जिथे कर्नललाच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यालाच, कार्ड दिसत नाही तिथे वरचं कितीही पुसलं तरी काय होणार.

नेटवर एक उपाय सगळीकडे सापडतो, मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक फाइल करायची आणि 'डीएसपी ड्रायव्हर' या सेटिंगची किंमत १ ठेवायची, म्हणजे कर्नल जुना एचडीए ड्रायव्हर वापरतो. केलं, रीस्टार्ट केलं, आणि स्पीकर वाजले! बाबा खूश, मी पण. संध्याकाळी आत्याचा व्हिडिओ कॉल आला, तिचा आवाज आम्हाला खणखणीत, आणि ती आपली "अरे दादा, बोल ना, ऐकू येत नाहीये" म्हणत राहिली. माइक गेला होता. स्क्रीनच्या वर जो डिजिटल माइक असतो ना, तो या मशीनमध्ये चिपमधल्या डीएसपीला, म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्या छोट्या प्रोसेसरला, जोडलेला असतो आणि जुना ड्रायव्हर त्या डीएसपीकडे जातच नाही. म्हणून कर्नलला असा माइक दिसला की तो आपणहून सॉफ, म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, वाला ड्रायव्हर निवडतो. आणि मी तीच निवड जबरदस्तीने बदलली होती.

रात्री ती फाइल काढली, रीस्टार्ट केलं आणि यावेळी डीमेसेजचं, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट शांतपणे वाचलं. लाल अक्षरात एक ओळ होती, 'सॉफ-सीएमएल' नावाची फर्मवेअर फाइल मागितली, फेल, एरर मायनस २. मायनस २ म्हणजे फाइलच जागेवर नाही! वायफायला फर्मवेअर लागतं हे मला पाठ होतं, पण आवाजालाही लागतं हे दोन दिवसात एकदाही डोक्यात आलं नाही. नॉन-फ्री आधीच चालू होतं, त्यामुळे 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' हे एकच पॅकेज टाकायचं बाकी होतं.

रीस्टार्टनंतर कार्ड आलं, हेडफोन वाजला, स्पीकर मात्र अजून गप्प. हे सोपं निघालं. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम उघडला, एफ ६ दाबून कार्ड निवडलं, तर स्पीकरच्या खांबाखाली दोन एम दिसत होते, म्हणजे म्यूट. कीबोर्डवर एम दाबलं की तिथे दोन शून्यं येतात, मग वरच्या बाणाने आवाज वाढवायचा आणि 'अल्साकंट्रोल स्टोअर' करून सेटिंग जपून ठेवायचं. स्पीकर-टेस्ट चालवली, डावीकडून 'फ्रंट लेफ्ट', उजवीकडून 'फ्रंट राइट'. बाबा आतल्या खोलीतून उठून आले, "आला का रे आवाज?" मी लगेच आत्याला कॉल लावला, आता तिलाही ऐकू येत होतं.

जून २०२३ ला डेबियन १२ आलं तेव्हापासून हे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच असतं. जुन्यावरून अपग्रेड करणाऱ्यांनी सोर्सेसमध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर हा नवीन शब्द जोडायला विसरू नका, हे पॅकेज आता तिकडे गेलंय. आणि तुमच्याकडे हेडफोन वाजत असेल आणि फक्त स्पीकरच बंद असतील तर फर्मवेअरच्या मागे लागू नका, आधी अल्सामिक्सरमध्ये ते दोन एम आणि त्याच्या शेजारचा ऑटो-म्यूट मोड बघा.