फायबरच्या डिकीत पखवाज

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या मामांकडे एक जुनी सॅन स्टॉर्म कार आहे. दोन सीटा, वर कापडी हूड, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि बॉडी सगळी फायबरची. द्राक्षबागायतदाराने असली गाडी का घ्यावी, हे मामी कित्येक वर्षं विचारतायत. "हिच्या डिकीत द्राक्षाचा क्रेट तिरपा केला तरी जात नाही," हा त्यांचा कायमचा मुद्दा, आणि तो खरा आहे. नेमक्या त्याच डिकीत मामांना साउंड सिस्टीम बसवून हवी होती.

मी नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम बघते. त्यामुळे मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं मलाच येतं, असा घरच्यांचा समज. मामांची अट एकच होती: "आगं, पखवाजाचा डावा हात ऐकू आला पायजे. छातीत बसला पायजे." ते स्वतः गावच्या भजनी मंडळात वाजवतात, त्यामुळे हा हट्ट नुसत्या हौसेचा नव्हता. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, त्यातून तो खोल, भरलेला नाद येतो. दारातल्या छोट्या स्पीकरांना तो झेपत नाही. त्यात हूड उघडा ठेवून आग्रा हायवेला लागलं की वारा आणि टायरची घरघर मिळून नेमका तोच खालचा पट्टा गिळून टाकतात. बंद गाडीत केबिनच खर्जाला थोडी मदत करते, उघड्या गाडीत तीही नाही.

मी यायच्या आधीच मामा शहरात एका दुकानात जाऊन १२ इंची वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बघून आले होते. दुकानदाराने छातीवर हात ठेवून 'बसेल' म्हणून सांगितलं होतं. बसलाही असता, पण मग डिकीत दुसरं काही उरलं नसतं आणि आवाजही धड आला नसता. लहान डिकीत स्पीकर आधी निवडायचाच नाही. आधी हवा मोजायची. वूफर ज्या सीलबंद बॉक्सात बसवतात, त्यातली हवा स्प्रिंगचं काम करते. बॉक्स गरजेपेक्षा लहान झाला की स्प्रिंग ताठ होते, रेझोनन्स, म्हणजे वूफर आपसूक घुमतो तो सूर, वर सरकतो आणि प्रत्येक ठोका एकाच सुरात 'बुम्म' करतो. पखवाज, तबला, ढोल, सगळे एकाच घरचे वाटायला लागतात. १० इंचीला साधारण २० लिटरच्या आसपास हवा लागते, ८ इंचीला १० ते १५ लिटरमध्ये भागतं. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला बॉक्स आणखी मोठा, आणि त्या नळीलाही जागा हवी. तो विचार तिथेच सोडला.

डिकीचा डावा कोपरा, चाकाच्या फुगवट्यामागचा, तसा वायाच गेलेला असतो. चौकोनी बॉक्स तिथे बसत नाही, म्हणून त्या कोपऱ्याच्या आकाराचाच बॉक्स फायबरमध्ये करायचं ठरवलं. पंचवटीत मंडळांसाठी फायबरच्या मूर्ती आणि देखावे करणारे एक काका आहेत. त्यांना वूफर काय ते माहीत नव्हतं, पण मॅट (काचेच्या तंतूंचं कापड), रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर यांच्यावर त्यांचा हात असा बसलेला की बघत राहावं. डिकीला आधी टेप आणि प्लास्टिक लावलं, त्यावर मॅटचे थर चढवले, सुकल्यावर साचा बाहेर काढून आणखी थर दिले. पुढचं तोंड मात्र १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचं. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडतो आणि कापायलाही सोपा, पण कापडी हूडच्या गाडीत जुलैमध्ये पाणी कुठून येईल सांगता येत नाही. ओला एमडीएफ फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही. "गणपतीपेक्षा जाड केलाय, वाजवा बिनधास्त," काका म्हणाले.

असा वेडावाकडा बॉक्स टेपने मोजता येत नाही. मामांनीच युक्ती काढली: लिटरचं मापटं घेऊन त्यात बाजरी ओतली. १४ मापटी भरली. वूफरचं मागचं चुंबक-बिंबक लिटरभर जागा खातं, म्हणजे १३ लिटर उरले. ८ इंची सीलबंदला उत्तम. आत थोडा पॉलिस्टरचा कापूस भरला, त्याने बॉक्स आहे त्याहून जरा मोठा असल्यासारखा वागतो. (बाजरी परत पोत्यात गेली. रेझिनचा वास गेला की नाही, ते मामींना विचारा.)

आता खरं काम, जे दुकानात कुणी बोलत नाही. पत्र्याच्या गाडीत ॲम्पची (स्पीकरांना ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरची) निगेटिव्ह जवळच्या बॉडीला कसून टाकतात, कारण अख्खी बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. फायबर वीज नेत नाही. तिथे बोल्ट कितीही घट्ट आवळा, करंटला परत जायला वाटच नाही. मग काही जण खालच्या चॅसिसला एखाद्या गंजक्या कोपऱ्यात लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावतात आणि पुढे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी 'कुईंऽऽ' ऐकत बसतात. मी पॅनलमध्ये करते तेच केलं: डिकीत तांब्याची छोटी बसबार (सगळ्या वायरी जोडायची पट्टी), ॲम्पची निगेटिव्ह तिच्यावर, डॅशबोर्डातल्या स्टिरिओची निगेटिव्हही तिच्यावरच, आणि तिथून एकच जाड वायर थेट पुढे बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्थिंग एकाच बिंदूवर आलं की लूप, म्हणजे ती 'कुईंऽऽ' आणणारी दुसरी वाट, राहत नाही.

वायर केवढी, तेही हिशोबाने. पाच चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर वेगवेगळे चालवणारा, कमी वीज वाया घालवणारा क्लास डी ॲम्प घेतला. मागे सीटच नसल्याने त्याचे दोन चॅनल रिकामे आहेत. वूफरला २०० वॅट आणि दारांना ५०-५० वॅट धरून, ८० टक्के कार्यक्षमतेने १३.८ व्होल्टला साधारण २७ अँपिअर लागतात. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मिळून येऊन-जाऊन ९ मीटर. ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर वाटेतच ०.७ व्होल्ट जातात, १६ स्क्वेअरमध्ये पाव व्होल्टवर भागतं. म्हणून १६, आणि तीही अस्सल तांब्याची. बाजारात तयार 'किट' मिळतात त्यातली बरीचशी वायर आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपट धरा. लायटरने जाळून किंवा ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावला. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. पुढच्या टोकाला शॉर्ट झाला तर मागे ॲम्पजवळचा फ्यूज बघत बसेल आणि वायर पेटेल. बॉडी फायबरची आहे, हे इथे पुन्हा आठवायला हरकत नाही.

फायबरचा दुसरा त्रास म्हणजे इग्निशनची खरखर. बॉनेटही धातूचं नसल्याने स्पार्कचा रेडिओ गोंगाट अडवायला काही नाही. १९५३ची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरचीच होती, आणि तिच्या रेडिओची अँटेना जाळीच्या रूपात डिकीच्या झाकणातच पुरलेली होती. पत्र्याच्या गाडीत हे जमलंच नसतं. पण त्याच गाड्यांमध्ये रेडिओ असला की इग्निशनवर धातूची आवरणं चढवावी लागत. मामांच्या गाडीत मी रेझिस्टर असलेले प्लग टाकले, स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत सिग्नल नेणारी आरसीए केबल उजव्या बाजूने आणि पॉवरची वायर डाव्या बाजूने नेली. तेवढ्याने भागलं.

राहिला प्रश्न आवाज केबिनमध्ये आणायचा. सीटमागच्या भिंतीत, शेजारच्या सीटच्या मागे, ती भिंत नुसती आडोसा आहे याची खात्री करून वूफरएवढं भोक पाडलं आणि बॉक्सचं तोंड फोमच्या गॅस्केटने त्याला चिकटवलं. म्हणजे आवाज डिकीत घुमत बसत नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती मागून येते की पुढून हे कानाला कळत नाही. त्यामुळे पखवाज डॅशबोर्डातून वाजतोय असंच वाटतं. फायबर कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. ती काच आहे, दोन दिवस अंग खाजतं.

गेन, म्हणजे ॲम्पचा आवाज किती वाढवायचा तो नॉब, कानाने लावला नाही. २०० वॅट ४ ओहमला म्हणजे २८.३ व्होल्ट. वूफर सुटा करून, ५० हर्ट्झचा सूर लावून, मीटरवर तेवढं येईपर्यंत नॉब फिरवला आणि त्यावर पॅनलवाल्यांची लाल खूण केली, मामांनी हात लावू नये म्हणून.

उड्डाणपुलावर गाडी घेतली तर प्रत्येक जॉइंटला डिकीचं झाकण तडतडत होतं. आतून ब्युटाइलचे (थरथर शोषणाऱ्या चिकट रबराचे) पट्टे चिकटवले. तरी एक आवाज राहिला, तो के. के. वाघ कॉलेजपाशी उतरल्यावर सापडला: मागची नंबर प्लेट. तिच्यामागे दाराच्या फोमची पट्टी लावली.

बॉक्स चार नटांवर आहे, एक पाना असला की निघतो, कारण त्याच्यामागे जॅक आहे. ॲम्प उभा लावलाय, भोवती हवा राहील असा. एप्रिलमधली बंद डिकी म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. मामी येऊन सगळं बघून गेल्या, उरलेली जागा हाताने मोजली आणि म्हणाल्या, "अर्धा क्रेट जाईल आता."